चेकॉव्हची बंदूक आणि एक आठ बोअर

एम.ए.च्या वर्गात नाट्यतंत्र शिकवताना दरवर्षी एक बंदूक येते. पहिल्या अंकात भिंतीवर बंदूक टांगलेली दाखवली, तर नाटक संपेपर्यंत ती उडालीच पाहिजे, हे चेकॉव्हच्या नावावर सांगितले जाणारे सूत्र. आम्ही दोघे पतिपत्नी, दोन वेगळ्या महाविद्यालयांत मराठी शिकवतो, आणि दोघांनीही हे सूत्र जवळजवळ वीस वर्षे शिकवले आहे. विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात, पाच गुणांच्या टिपेत जसेच्या तसे लिहितात, आणि आम्ही साडेतीन-चार गुण देतो. या सगळ्या व्यवहारात बंदूक कोणती, तिला नळ्या किती, ती भरलेली होती की रिकामी, ती उडवणाऱ्याच्या खांद्याचे काय होते, हे प्रश्न कोणी विचारल्याचे आम्हाला स्मरत नाही. आम्हीही ते कधी उपस्थित केले नाहीत. कारण उघड आहे. आम्ही बंदूक कधी हातात धरलेलीच नव्हती.

ती धरण्याचा, विकत घेतली जाताना तिची पारख कशी होते ते पाहण्याचा आणि अखेर ती उडवण्याचा योग आम्हाला इंग्लंडमध्ये आला. त्या अनुभवातून आमचे जे मत बनले ते येथे मांडत आहोत. वस्तू दिसताक्षणी तिला प्रतीक ठरवून मोकळे होण्याची सवय आपल्या अध्यापनात आणि समीक्षेत खोल रुजली आहे. तिच्यामुळे साहित्यकृतीतला बराचसा अर्थ आपल्या हातून निसटतो. आणि कधी कधी त्यातली नैतिक अडचणही आपण सोयीस्करपणे टाळतो.

आमचा एक मावसभाऊ नोकरीनिमित्त इंग्लंडात नॉरफोक परगण्यात स्थायिक झाला आहे. जुन्या बंदुकांचा त्याला नाद आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही त्याच्याकडे तीन आठवडे राहिलो, तेव्हा तो एका लिलावात आठ बोअरची दुनळी बंदूक घेण्याच्या विचारात होता. ‘बोअर’ हा शब्द आपल्याकडे ‘बारा बोअर’ या जोडीतच ऐकू येतो. त्यातला आकडा कशाचा, हे आम्हाला तोवर ठाऊक नव्हते. एक पौंड शिशाचे सारख्या वजनाचे बारा गोळे केले, तर त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोअरची. तिचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर. त्याच पौंडाचे आठच गोळे केले तर प्रत्येक गोळा मोठा होतो, म्हणून आठ बोअरच्या नळीचा व्यास सुमारे २१.२ मिलिमीटर. चार बोअरचा गोळा पाव पौंडाचा, म्हणजे साधारण ११३ ग्रॅम. आकडा लहान होत जातो तशी बंदूक मोठी होत जाते.

आठ बोअरची बंदूक मुख्यतः पाणपक्ष्यांसाठी. पूर्व इंग्लंडच्या किनाऱ्यावर, भरती-ओहोटीच्या चिखलात पहाटेच्या काळोखात दबा धरून बसायचे आणि उंचावरून जाणाऱ्या रानबदकांवर, कलहंसांवर बार टाकायचा, हा तिथला जुना उद्योग. कोणाच्या तो पोटाचा होता, कोणाच्या हौसेचा. लांब पल्ल्यावर छर्रे दाट पडावेत म्हणून छर्रे जास्त, छर्रे जास्त म्हणून दारू जास्त, आणि दारू जास्त म्हणून बंदूक जड. भावाने पसंत केलेली बंदूक सहा किलोंहून थोडी अधिक भरत होती. नेहमीची बारा बोअरची दुनळी याच्या निम्म्याने असते.

लिलावाआधी दोन दिवस माल पाहायला ठेवलेला असतो. आमची कल्पना अशी, की भाऊ बंदूक खांद्याला लावून पाहील, नक्षीकाम न्याहाळील आणि किंमत ठरवील. प्रत्यक्षात त्याने तासभर ती वाचली. हा शब्द आम्ही अलंकारिक अर्थाने वापरत नाही. नळ्या दस्त्यापासून सोडवून त्याने उलट्या केल्या. त्यांच्या पोटाशी, कातळात कोरल्यासारख्या, बारीक बारीक मुद्रा होत्या. इंग्लंडात बंदुकीची नळी विकण्यापूर्वी तिची अधिकृत चाचणी व्हावी लागते. नेहमीपेक्षा बराच जास्त बार भरून ती उडवतात, आणि तगली तर तिच्यावर मुद्रा उमटवतात. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ साली सनद मिळाली. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ साली पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाले. आमच्यासमोरच्या नळ्यांवर बर्मिंगहॅमच्या मुद्रा होत्या. साल मात्र कोठेही कोरलेले नव्हते.

साल खुणांवरून काढावे लागले. तोंडाशी किंचित आवळलेल्या नळीवर १८७५ पासून १८८७ पर्यंत ‘गोळीसाठी नाही’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे ठोकत असत. कारण अशा नळीतून छर्रे चालतात, सबंध गोळा धोक्याचा. ती अक्षरे या नळ्यांवर होती. म्हणजे बंदूक त्या बारा वर्षांतली. नव्या, धूर न करणाऱ्या दारूसाठीची स्वतंत्र चाचणीमुद्रा १८९६ पासून सुरू झाली. ती या नळ्यांवर नव्हती. म्हणजे पुढच्या कोणत्याही मालकाने तिची नव्या दारूसाठी चाचणी करून घेतलेली नाही, आणि तिच्यात काळी दारूच चालेल. जे लिहिलेले आहे त्यावरून काळ ठरवायचा आणि जे लिहिलेले नाही त्यावरून मर्यादा ठरवायची. पाठचिकित्सा शिकवताना आम्ही पोथीच्या पुष्पिकेविषयी, लेखनिकाच्या हस्ताक्षराविषयी, गळलेल्या ओळींविषयी हेच सांगत असतो. येथे फरक एवढाच होता, की पाठनिर्णय चुकला तर संपादकाची बोटे जातील.

वाचन तिथे संपले नाही. भावाने नळीच्या आतला व्यास मोजला. दीडशे वर्षांच्या गंजाने आणि गंज घासून काढण्याने नळी आतून झिजते. मुद्रेच्या वेळचा व्यास आणि आजचा व्यास यांत ठरावीक मर्यादेबाहेर फरक पडला तर ती मुद्रा रद्द समजतात, आणि अशी बंदूक उडवण्यासाठी म्हणून विकता येत नाही. मग त्याने नळ्यांच्या भिंतीची जाडी जागोजागी तपासली. शेवटी नळ्या एका बोटावर लटकावून त्यांवर नखाने टिचकी मारली. देवळातल्या लहान घंटेसारखा स्वच्छ, लांबणारा नाद आला. दोन नळ्यांना जोडणारी पट्टी कुठे सुटली असेल तर हा नाद बद्द येतो. त्याच खोलीत दुसरी एक आठ बोअर होती, नक्षीने भरलेली, दिसायला कितीतरी देखणी. तिचा नाद बद्द आला. भावाने ती पुन्हा हातात घेतली नाही.

नळ्यांच्या पृष्ठभागावर पाण्यातल्या वलयांसारखी नक्षी दिसत होती. ती वरून काढलेली नव्हती. लोखंड आणि पोलाद यांच्या सळया एकत्र पिळायच्या, त्यांची पट्टी करायची, ती पट्टी एका दांड्याभोवती गुंडाळायची आणि तापवून ठोकत ठोकत सांधे एकजीव करायचे, अशी ती ‘दमास्कस’ नळीची कृती. पुढे आम्लाने पृष्ठभाग खाल्ला गेला की दोन धातू वेगवेगळे रंग धरतात आणि घडणीचा पीळ डोळ्यांना दिसू लागतो. आकृतिबंध आणि आशय यांच्या एकरूपतेविषयी आम्ही आजवर जेवढी व्याख्याने दिली, त्यांत हे उदाहरण एकदाही नव्हते याची त्या दिवशी खंत वाटली.

बंदूक भावाला मिळाली. ती घरी आली तेव्हा तिथल्या कायद्यातली एक तरतूद कळली आणि ती आमच्या मनात घर करून राहिली. ब्रिटनच्या १९६८ च्या शस्त्रकायद्यात काही प्रकारची पुराण शस्त्रे कुतूहलाची किंवा शोभेची वस्तू म्हणून बाळगायला प्रमाणपत्राची सवलत आहे. मात्र त्यातले शस्त्र उडवायचा हेतू असेल तर सवलत संपते. पोलिसांचे प्रमाणपत्र लागते, कुलूपबंद कपाट लागते, वैद्यकीय माहिती द्यावी लागते. काळी दारू घ्यायची तर तिचे प्रमाणपत्र आणखी वेगळे. वस्तू तीच, भिंतही तीच असू शकते. मालकाचा हेतू बदलला की कायद्याच्या लेखी ती निराळी होते. भावाकडे सगळी प्रमाणपत्रे होती, कारण त्याला ती शोभेसाठी नको होती.

उडवण्याचा दिवस ढगाळ होता. ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या कापणी झालेल्या शेतात, त्याच्या परवानगीने आणि भाऊ शेजारी उभा असताना, आम्हाला प्रत्येकी दोन बार काढायचे होते. लक्ष्य होते ते यंत्राने हवेत फेकलेल्या तबकड्यांचे. त्यांना नाव मातीच्या कबुतरांचे, प्रत्यक्षात त्या डांबर आणि चुनखडी यांच्या. काडतुसे भावाने स्वतः भरलेली, प्रत्येकात दोन औंस, म्हणजे सुमारे ५७ ग्रॅम छर्रे. छर्रे शिशाचे नव्हते, बिस्मथचे होते. पाणथळीतल्या पक्ष्यांच्या पोटात शिसे जाऊन ते मरतात म्हणून इंग्लंडात पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे वापरायला १९९९ पासूनच बंदी आहे, आणि २०२५ साली तिथल्या सरकारने शिशाच्या छर्ऱ्यांवर एकूणच निर्बंध आणण्याचा निर्णय जाहीर केला. पोलादी छर्रे स्वस्त, पण जुन्या पातळ नळ्यांना ते घातक. म्हणून महागडे बिस्मथ.

“वहिनी, गाल दस्त्याला घट्ट टेकवा,” भाऊ म्हणाला. “सैल धरलीत तर ती तुम्हालाच मारेल.”

आमच्यापैकी जिने पहिला बार काढला, तिला नंतर सगळ्यांनी धक्क्याविषयी विचारले. तिचे उत्तर असे, की धक्का बसण्याआधी वजन बसते. सहा किलोंची बंदूक खांद्यापर्यंत उचलून हलत्या वस्तूमागे फिरवताना डावा हात थरथरू लागतो, आणि दोन्ही घोडे अंगठ्याने मागे ओढून ठेवले की थरथरण्याची भीती वाटू लागते. चाप दाबल्यावर जे झाले ते फटक्यासारखे नव्हते. जत्रेच्या गर्दीत कोणीतरी खांद्याने रेटून मागे सारावे तसा एक लांबट, दमदार रेटा आला आणि तिचा मागचा पाय अर्धे पाऊल सरकला. आवाज कानांवर झाकणे असूनही छातीत ऐकू आला. आणि तबकडी फुटली की नाही ते तिला दिसलेच नाही. समोर पांढऱ्या धुराचा ढग उभा होता, सरसाच्या फटाक्यांच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गल्लीत असतो तसा वास होता, आणि धुरापलीकडून भाऊ सांगत होता, “फुटली, फुटली!”

हा धूर आम्हाला महत्त्वाचा वाटतो. काळ्या दारूच्या बंदुकीने बार काढणाऱ्याला आपल्या कृतीचा परिणाम लगेच दिसत नाही. तो धुराबाहेर वाकून किंवा दुसऱ्याला विचारून कळून घ्यावा लागतो. एकोणिसाव्या शतकातल्या लढायांच्या आणि शिकारीच्या वर्णनांत धूर विरेपर्यंतचा जो थांबा वारंवार येतो, तो आम्ही आजवर वातावरणनिर्मिती म्हणून वाचत आलो होतो.

चार बारांनंतर स्वच्छतेला तासाहून जास्त वेळ गेला. काळ्या दारूची राख क्षारयुक्त असते, हवेतले पाणी ओढते, आणि रात्रभर राहिली तर नळीला गंज चढतो. म्हणून त्याच दिवशी कढत पाणी, मग फडकी, मग तेल. घरभर कुजक्या अंड्यांचा वास. या श्रमाचा उल्लेख करण्याचे कारण असे, की ‘बंदूक उडाली’ या दोन शब्दांच्या अलीकडे आणि पलीकडे किती काम असते, हे कोणत्याही नाट्यतंत्राच्या पुस्तकात नाही.

आता एक कबुली. आम्हाला आनंद झाला. दुसऱ्या बारानंतर तिसरा मिळावा असे दोघांनाही वाटले. संध्याकाळी मात्र या आनंदाची चौकशी करावीशी वाटली. ही वस्तू तबकड्यांसाठी घडवलेली नव्हती. मोठ्या बोअरच्या बंदुकांचा इतिहास सुंदर कारागिरीचा आहे, तसाच तो संहाराचाही आहे. अमेरिकेत स्थलांतरी पक्ष्यांच्या शिकारीत दहा बोअरहून मोठी बंदूक वापरायला केंद्रीय नियमांनी मनाई आहे, ती उगाच नव्हे. आफ्रिकेत हस्तिदंतासाठी हत्ती मारणाऱ्या फ्रेडरिक सेलूसने १८७० च्या दशकात चार बोअरच्या ठासणीच्या साध्या बंदुका वापरल्या, प्रत्येकी सहा पौंड किमतीच्या. त्यांनी त्याने पुष्कळ हत्ती मारले. पण १८८१ च्या आपल्या पुस्तकात त्यानेच लिहून ठेवले आहे की या बंदुकांशी आपला कधी संबंध आला नसता तर बरे झाले असते, कारण त्यांच्या धक्क्यांनी आपल्या मनोधैर्यावर झालेला परिणाम पुढे नेमबाजीत कायमचा जाणवत राहिला. मारणाऱ्याच्या शरीरावर शस्त्र आपली नोंद ठेवते. मेलेल्या हत्तींच्या बाजूने ही नोंद अर्थातच पुरेशी नाही.

ही शरीरावरची नोंद वाचली की तुर्गेनेव्ह आठवतो. त्याची शिकाऱ्याची शब्दचित्रे १८५२ साली पुस्तकरूपाने आली. त्यात येर्मोलाई नावाचा एक भूदास शिकारी आहे. शेजारच्या जमीनदाराच्या मुदपाकखान्यात दरमहा ठरलेले पक्षी पोचवणे हे त्याचे काम. पण त्यासाठी दारूगोळा त्याला कोणी देत नाही. त्याची बंदूक एकनळी, चकमकीची, आणि धक्का देण्याची वाईट खोड असलेली. इतकी, की येर्मोलाईचा उजवा गाल डाव्यापेक्षा कायम फुगीर दिसतो. हा तपशील आम्ही कितीदा वाचला होता आणि प्रत्येक वेळी विनोद म्हणून पुढे गेलो होतो. हलकी, बेताल बंदूक आणि जड बार यांचा तो हिशेब आहे, हे आठ बोअरचा रेटा खाल्ल्यावर ध्यानात आले. आमची बंदूक जड होती म्हणून तिने आम्हाला नुसते ढकलले. दमास्कसच्या जड नळ्या परवडणाऱ्याचा गाल शाबूत राहतो. भूदासाच्या गालावर भूदासपद उमटलेले आहे, आणि तुर्गेनेव्ह त्यावर एक शब्दही भाष्य करत नाही. तो स्वतः शिकारी होता. त्याला तशी गरज वाटली नसावी.

चेकॉव्हकडे परत येऊ. आपण शिकवतो ते सूत्र त्याच्या संभाषणाच्या आठवणींतून आणि पत्रांतून निरनिराळ्या रूपांत आलेले आहे. १८८९ साली एका लेखकमित्राला लिहिलेल्या पत्रात तो जे म्हणतो, त्यात भिंत नाही. उडवण्याचा कोणाचा विचार नसेल तर भरलेली बंदूक रंगमंचावर आणू नये, असा त्याचा आशय आहे. ‘भरलेली’ हे विशेषण आपल्या वर्गातल्या सूत्रातून गळून पडते, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. बंदूक बाळगणारा माणूस भरलेली बंदूक भिंतीवर टांगत नाही. ती भरलेली असेल तर कोणीतरी हेतूने, आपल्या हातांनी, दारू आणि छर्रे मोजून ती भरलेली आहे. त्या ब्रिटिश कायद्यातला भेद हाच. सूत्राच्या पाठीमागे तंत्राची काटकसर आहेच, पण त्याच्याही आधी हेतूची जबाबदारी आहे. शिवाय हे सूत्र चेकॉव्ह स्वतः नियम म्हणून पाळत नव्हता. ‘चेरी ऑर्चर्ड’मध्ये शार्लोटा बंदूक घेऊन येते, येपिखोदोव्ह आपले पिस्तूल दाखवतो, आणि नाटकभर दोन्हीपैकी काहीच उडत नाही.

त्याहून महत्त्वाचे आहे ते एक दुसरे पत्र, जे आम्ही शिकवलेच नव्हते. १८९२ च्या एप्रिलमध्ये चेकॉव्हने ते आपला प्रकाशक सुव्होरिन याला लिहिले. चित्रकार लेव्हिटान त्याच्याकडे पाहुणा आला होता. दोघे शिकारीला गेले. लेव्हिटानने वुडकॉक जातीच्या, लांब चोचीच्या पक्ष्यावर बार काढला. पक्षी पंखाला लागून डबक्यात पडला. चेकॉव्हने तो उचलला. मोठे काळे डोळे, सुंदर पिसारा, आणि चकित नजर. लेव्हिटानने डोळे मिटून घेतले आणि बंदुकीच्या दस्त्यावर त्याचे डोके आपटून टाक म्हणून विनवणी केली. चेकॉव्हला ते जमेना. लेव्हिटान विनवीत राहिला, पक्षी बघत राहिला. शेवटी ते करावे लागले. जगातला एक सुंदर, प्रेमविव्हळ जीव कमी झाला आणि दोन मूर्ख घरी जाऊन जेवायला बसले, अशा अर्थाचा या हकिगतीचा शेवट आहे.

चार वर्षांनी आलेल्या ‘सीगल’ या नाटकात त्रेप्लेव्ह मारलेला पक्षी नीनाच्या पायाशी आणून ठेवतो. तो पक्षी प्रतीक आहे, असे आम्ही शिकवतो, आणि ते खरेही आहे; नाटकातली पात्रेच तसे बोलतात. पण त्या प्रतीकाच्या मागे डबक्यातून उचललेला, हातात धडधडणारा, न मेलेला एक पक्षी आहे आणि दस्त्यावर बसलेला एक घाव आहे, हे सांगितल्याखेरीज प्रतीक हा शब्द उच्चारला, तर आपणही लेव्हिटानसारखे डोळे मिटून घेतो असे आम्हाला वाटते.

आमच्या एका सहकाऱ्याने या मतावर रास्त आक्षेप घेतला. प्रत्येक वस्तूचा असा प्रत्यक्ष अनुभव घ्यायचा म्हटले तर खुनाची कथा शिकवायला खून करावा लागेल काय? तसे आमचे म्हणणे नाही. सर्वांनी बंदुका घ्याव्यात असे तर मुळीच नाही. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना मिळणे अवघड आहे आणि ते तसेच असावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर आणलेल्या बंदीबद्दल आमच्या मनात समाधानच आहे. आमचे म्हणणे इतकेच, की वस्तूपाशी थोडे थांबावे. ती काय वजनाची, कोणी घडवली, कोणाला परवडत होती, वापरल्यावर हाताला काय लागते, हे जाणत्यांना विचारावे. आणि हे जाणते शोधायला फार दूर जावे लागत नाही, हे आम्हाला उशिरा कळले.

आमच्यापैकी एकीचे आजोबा सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका खेड्यात शेती करत. रानडुकरांपासून भात राखण्यासाठी त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. ती माजघरात उभी असे. निवडणूक आली की आचारसंहितेच्या काळात ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि नंतर परत आणायची, हा त्यांचा शिरस्ता. नळी, दस्ता, घोडा, चाप, गज, टोपी, ठासणी हे शब्द त्यांच्या तोंडी भाताच्या जातींइतकेच सहज होते. दारू किती ठासायची, कमी ठासली तर बार फुसका का निघतो, हे ते सांगत, आणि आम्ही सुट्टीत आलेली मुले त्यांच्या मिशांकडे पाहत बसायचो. अशाच एका निवडणुकीच्या वेळी बंदूक जमा झाली आणि ती परत आणण्याआधी आजोबा गेले. परवाना वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करायचा असतो. आम्ही केला नाही. कोणालाच ती नको होती. यात ठाण्याचा काही दोष नाही.

आज आम्ही वर्गात ‘ठासून सांगणे’, ‘फुसका बार’, ‘दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणे’ हे वाक्प्रचार शिकवतो आणि त्यांचे अर्थ फळ्यावर लिहितो. ठासणीचा गज हातात घेतलेला माणूस आमच्याच घरात होता, त्याला आम्ही एक प्रश्न विचारला नाही, आणि त्यासाठी पुढे नॉरफोकच्या शेतात जाऊन एका परक्या देशाची बंदूक खांद्याला लावावी लागली. ही खंत या लेखामागे आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

यंदा नाट्यतंत्राच्या तासाला आम्ही सूत्राने सुरुवात केली नाही. आधी सुव्होरिनला लिहिलेल्या पत्रातली हकिगत सांगितली. वर्ग नेहमीपेक्षा शांत होता. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “सर, बंदूक लेव्हिटानची, नेमही त्याचाच. मग शेवट चेकॉव्हनं का करायचा?” कोणी म्हणाले मैत्रीखातर, कोणी म्हणाले जखमी पक्षी तसा ठेवणे अधिक क्रूर म्हणून, एक मुलगी म्हणाली, त्यानं उचलला म्हणून. यावर बराच वेळ बोलणे झाले आणि घंटा वाजली. सूत्र फळ्यावर लिहायचे राहूनच गेले. पुढच्या तासाला ते लिहिले, कारण परीक्षेत टीप येणारच. मात्र लिहिण्याआधी त्याच मुलीने विचारून घेतले, बंदूक भरलेली होती की रिकामी.